तयार किट, ठोकळे की सुटं सामान? मुलांच्या कल्पकतेसाठी ठाण्यात काय घ्यावं

आधी निकाल सांगतो. मूल चार ते अकरा वर्षांचं असेल आणि हजार-बाराशे रुपये खर्चायची तयारी असेल, तर तयार हस्तकला-किट घेऊ नका. तेवढ्या पैशांत कार्ट्रिज कागद, पोस्टर कलरच्या पाच बाटल्या, तीन ब्रश, पाच किलो शाडू, फेव्हिकॉल, सुतळी, आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट आणि लाकडी चिमटे येतात, आणि हे सामान कित्येक महिने पुरतं. किट एका दुपारी संपतं. आणखी खर्च परवडत असेल तर सुट्या सामानाला ठोकळ्यांची जोड द्या. किटचा नंबर शेवटचा, आणि तेही ठरावीक कामापुरतं.

हे मत किमतीवरून बनवलेलं नाही. मापदंड एकच आहे: करताना निर्णय किती घ्यावे लागतात आणि ते कोण घेतं. दुकानात डबा हातात घेतला की चार गोष्टी बघा. काय बनवायचं हे कोण ठरवतं? कशापासून बनवायचं? जोडायचं कसं? आणि "झालं, आता पुरे" हे कोण म्हणतं? चारपैकी निदान दोन निर्णय मुलाच्या हातात राहत असतील तर डबा घेण्यासारखा आहे. एकही राहत नसेल तर ते कल्पकतेचं साधन नव्हे, हाताला वळण लावायचं साधन आहे. तशी साधनंही लागतात, फक्त डब्यावर छापलंय म्हणून ती कल्पकतेच्या नावावर खपवून घेऊ नयेत.

दुकानांत नेहमी दिसणारा एक प्रकार बघू: लाकडी पक्षिघर किंवा छोटं घर रंगवायचं किट. आत लेसरने कापलेले एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीचे, तुकडे, त्यांवर आकडे, पट्टीत जोडलेल्या सहा रंगांच्या इवल्या डब्या, एक ब्रश, एक पत्रक. झाकणावर तयार वस्तूचा फोटो. काय, कशाचं, कसं ही तिन्ही उत्तरं कारखान्यातच दिलेली. मुलाच्या वाट्याला उरतो रंग, आणि तोही झाकणावरच्या फोटोने जवळजवळ ठरवून टाकलेला. छप्पर लाल असेल तर दहापैकी आठ-नऊ छपरं लालच होणार.

त्यात कारागिरीच्या अडचणी वेगळ्या. लेसरच्या कापाने कडा जळलेल्या असतात, काजळी बोटांना लागते आणि तिथून पांढऱ्या-पिवळ्या रंगात उतरते. जोडण्याआधी ओल्या फडक्याने कडा पुसून घेतल्या तर हे टळतं, पण पत्रकात हे सहसा लिहिलेलं नसतं. एमडीएफची जाडी थोडी कमी-जास्त झाली की खाचा एकतर ढिल्या बसतात किंवा इतक्या घट्ट की दाबताना दात तुटतो. ढिली खाच असेल तर कागदाची पट्टी फेव्हिकॉलमध्ये बुडवून मध्ये सरकवा. घट्ट असेल तर सॅंडपेपर दोनदा फिरवा, हातोडी घेऊ नका. रंग थेट एमडीएफवर लावला तर तो शोषला जाऊन फिका आणि डागाळ दिसतो. आधी पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग हवा तो रंग. सोबतचा ब्रश बहुतेक वेळा टाकाऊच असतो. त्याचे केस ताठ असतात, पाणी धरत नाहीत आणि रंग ओरबाडतात.

अशी किटं वाईटच, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सूचना क्रमाने वाचणं, तुकडा फिरवून बघणं, घाई न करता थांबणं या गोष्टी त्यातून होतात. ज्या मुलाला कोऱ्या कागदाची भीती वाटते, त्याला सुरुवात म्हणून हे बरं. आणि भेट म्हणून ते घरात येतातच. तेव्हा आलेल्या किटमधून जास्तीत जास्त कसं काढायचं ते सांगतो. झाकण आणि पत्रक बाजूला ठेवा, तुकडे टेबलावर पसरा आणि "यातून काय काय होऊ शकेल?" एवढंच विचारा. अर्धा तास जाऊ द्या. मग हवं तर पत्रक द्या. पक्षिघराची भिंत बोटीचा तळ झाली तर ती परत भिंत करायला लावू नका. उरलेल्या चौकटी, म्हणजे ज्यातून तुकडे काढले ती छिद्रं असलेली पाटी, फेकू नका. रंग शिंपडायला छाप म्हणून ती उत्तम चालते, आणि अनेकदा किटमधली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच ठरते.

कल्पकतेचं मोजमाप कसं करतात हे थोडं माहीत असलं की खरेदी सोपी जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये हा विषय संशोधकांपुढे जोरकसपणे मांडला. एका प्रश्नाला एकच बरोबर उत्तर शोधणं वेगळं आणि अनेक दिशांना जाणं वेगळं, असा त्यांचा मुद्दा. पुढे १९६६ मध्ये ई. पॉल टॉरन्स यांच्या चाचण्या आल्या. त्यांत बघितल्या जाणाऱ्या चार गोष्टी घरातही ओळखता येतात: कल्पना किती सुचल्या, त्या किती वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत, किती अनपेक्षित आहेत, आणि एखादी कल्पना किती बारकाईने फुलवली.

कपड्यांचा लाकडी चिमटा मुलाच्या हातात द्या आणि याचं काय काय करता येईल ते विचारा. कपडे वाळत घालायचे, बिस्किटाचा पुडा बंद करायचा, कागद एकत्र धरायचे: ही तीन उत्तरं झाली, पण प्रकार एकच, पकडणं. मग कोणीतरी चिमटा उघडझाप करतं आणि तो मगरीचं तोंड होतो. इथे दिशा बदलली. मग तो उभा राहतो आणि खुर्ची होतो. सगळ्यात मोठी उडी असते ती चिमटा सोडवल्यावर: स्प्रिंग निघते, दोन लाकडी पट्ट्या मोकळ्या होतात, आणि आता हातात पकडणारी वस्तूच उरत नाही. पट्ट्यांचं कुंपण होतं, स्प्रिंग खेळण्यातल्या माणसाचा हात होते. चिमटा मोडला म्हणून त्या क्षणी ओरडलात तर नेमकी हीच उडी थांबते. म्हणून मुलाच्या सामानाच्या पेटीतले चिमटे वेगळे, कपड्यांच्या दोरीवरचे वेगळे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. चिमटे लाकडीच घ्या. प्लॅस्टिकचे उन्हात ठिसूळ होतात आणि तुटताना त्यांच्या टोकदार कपच्या उडतात. स्प्रिंग पहिल्यांदा काढताना मोठ्यांनी करून दाखवावं, कारण ती बोटाला चिमटते.

आता पेटीतल्या सामानाकडे वळू, कारण खरा फरक तिथेच पडतो.

कागदात कंजुषी करू नका. झेरॉक्सचा कागद ७० ते ७५ जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. पाण्याचा रंग लागला की तो फुगतो, रंगाच्या दुसऱ्या हाताला त्याचे लोळे निघतात आणि मूल समजतं की आपल्यालाच रंगवता येत नाही. १३० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज कागद घ्या. फुल इम्पीरियल शीट २२ बाय ३० इंचांची असते, तिचे चार भाग केले की ११ बाय १५ इंचांचे क्वार्टर कागद मिळतात. दुकानदार कापून देतात. लहान मुलाला लहान कागद देण्याची सवय चुकीची आहे: चार-पाच वर्षांचं मूल खांद्यातून हात फिरवतं, बोटांतून नाही. त्याला मोठाच कागद लागतो. कागदाचे चारही कोपरे मास्किंग टेपने फरशीला किंवा पाटाला चिकटवले की कागद सरकत नाही आणि वाळताना वाकडाही होत नाही.

बारा किंवा चोवीस रंगांची पेटी घेण्यापेक्षा पोस्टर कलरच्या पाचच बाटल्या घ्या: लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, पांढरा, काळा. पांढरा दुप्पट घ्या, तो आधी संपतो. तयार जांभळा हातात असला की जांभळा कसा होतो हे शोधायची गरजच उरत नाही. लाल घेताना मात्र क्रिमसनच मागा. स्कार्लेट किंवा व्हर्मिलियन हे नारिंगीकडे झुकलेले लाल आहेत, ते अल्ट्रामरीनमध्ये मिसळले की जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी रंग येतो. मुलं "माझा जांभळा घाण होतो" म्हणतात त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. हिरव्यासाठी आधी पिवळा घ्या आणि त्यात निळा टोचून-टोचून घाला. उलट केलं तर अर्धी बाटली पिवळा संपतो आणि हिरवा तरी काळपटच राहतो. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक रंगात घालायला. ब्रश गोल ६ आणि १० नंबरचे, आणि एक चपटा. कॅमल किंवा अशाच रोजच्या माहितीतल्या कंपनीचे विद्यार्थी दर्जाचे रंग या कामाला पुरेसे आहेत, महागडे आर्टिस्ट दर्जाचे घेऊन काही साधत नाही. उलट महाग रंग असले की घरातले लोक "जपून वापर" म्हणत राहतात, आणि जपून वापरायच्या रंगाने कोणी प्रयोग करत नाही.

चार-पाच वर्षांखालच्या मुलाला आधी जाड मेणाचे खडू द्या. ऑइल पेस्टल कमी दाबाला भरभरून रंग देतात, पण हाताला, कपड्याला, भिंतीलाही देतात. एक जोडकाम मात्र जरूर करू द्या: पांढऱ्या मेणखडूने दाबून काढलेल्या रेघेवर पातळ केलेला निळा रंग फिरवला की मेणावर पाणी ठरत नाही आणि न दिसणारी रेघ वर येते. हे कसं झालं ते लगेच सांगू नका.

शाडू हा या पेटीतला राजा आहे, आणि आपल्याकडे त्याची चांगली सोय आहे. बाजारातला प्लॅस्टिकच्या डबीतला रंगीत क्ले हाताळायला सोपा, पण तो इतका मऊ असतो की बोटभर उंचीपलीकडे उभा राहत नाही. शाडूला वजन आहे, तो उभा राहतो, चुकला तर पाण्यात टाकून परत मळता येतो. एक किलो कोरड्या शाडूला साधारण ३५० ते ४०० मिली पाणी लागतं, पण ते एकदम ओतायचं नाही. आधी तीन-चतुर्थांश घालून झाकून ठेवा, दोन-तीन तासांनी मळा, मग लागेल तसं शिंपडा. बोटाला चिकटत असेल तर पाणी जास्त झालं. वळी करून वाकवली आणि तिला भेगा पडल्या तर कमी आहे. कोरडी पूड मुलांसमोर चाळू नका, तिची बारीक धूळ श्वासात जाऊ देणं बरं नाही.

बहुतेक मूर्ती तडकतात त्या दोन कारणांनी. एक, जाडी. अंगठ्यापेक्षा जाड भाग बाहेरून लवकर आणि आतून उशिरा वाळतो, आणि त्या ताणाने फुटतो. पोट मोठं हवं असेल तर आत कागदाचा गोळा घालून वरून शाडूचा थर द्यायचा. दोन, जोड. हात, सोंड, शेपटी नुसती दाबून चिकटवली तर वाळल्यावर गळून पडते. दोन्ही बाजूंना टूथपिकने आडव्या-उभ्या रेघा ओढा, शाडू पाण्यात कालवून दह्याइतकी दाट लेई करा, ती लावून दाबा आणि जोडावरून बोट फिरवून सांधा बुजवा. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, पावसाळ्यात आठवडाही लागतो. हात आधी बादलीत धुवायचे, बेसिनमध्ये नाही. शाडू पाइपच्या वळणात बसला की प्लंबरच बोलवावा लागतो. बादली रात्रभर तशीच ठेवली की माती तळाशी बसते, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि माती परत डब्यात.

शाडू नसेल तेव्हा मिठाची कणीक: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी. ऑक्टोबर ते मे झकास चालते. पावसाळ्यात नाही, कारण मीठ हवेतला ओलावा ओढतं, वाळलेली वस्तू परत मऊ पडते आणि चार दिवसांत बुरशी धरते.

आइस्क्रीमच्या काड्यांचं एक आव्हान असं द्या: दोन स्टुलांमध्ये ३० सेंटीमीटर अंतर, ३० काड्या, फेव्हिकॉल, आणि मधोमध एक किलो डाळीची पिशवी सुतळीने टांगायची. पूल स्टुलाला चिकटवायचा नाही. बाकी काही सांगायचं नाही. काडी साधारण ११.४ सेंटीमीटर लांब असते, त्यामुळे एक काडी पुरत नाही हे मुलाला लगेच कळतं आणि जोड कसा द्यायचा हा पहिला प्रश्न येतो. पहिला पूल जवळजवळ नेहमी असाच होतो: काड्या आडव्या पाडून टोकाला टोक, एकेक सेंटीमीटरचा जोड. पिशवी लावताच तो वाकतो आणि जोड उघडतो. होऊ द्या. जोड तीन सेंटीमीटरचा केला, चिमट्याने अर्धा तास दाबून ठेवला आणि वजन दुसऱ्या दिवशी लावलं, की जोड टिकतात. पण वाक राहतोच. मग कधीतरी एखादी काडी कडेवर उभी धरली जाते. दहा मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड काडी कडेवर उभी केली तर ती आडव्या काडीपेक्षा २५ पट कमी वाकते. हे गणित मुलाला सांगायची गरज नाही, त्याच्या बोटांना ते कळतं. पुढची अडचण म्हणजे उभ्या काड्यांचा चौकोन बाजूला कलंडतो. त्यात तिरकी काडी टाकून त्रिकोण केला की तो जागचा हलत नाही. हे सुचलं नाही तर उत्तर देऊ नका, स्टेशनवरच्या एखाद्या लोखंडी पादचारी पुलाखाली थांबून वर बघायला सांगा.

अट घातली की कल्पकता मरते, असा समज आहे. प्रत्यक्षात उलट दिसतं. "काहीही बनव" म्हटलं की मूल गोंधळतं. एक अडथळा, मोजकं सामान आणि मोकळी पद्धत दिली की डोकं चालू लागतं. म्हणूनच एका वेळी आठ-दहापेक्षा जास्त प्रकारचं सामान समोर मांडू नये. बाकीचं कपाटात ठेवून महिन्याने अदलाबदल करावी.

सुट्या वस्तूंबद्दल ब्रिटिश कलावंत सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेला विचार आजही खेळाची जागा आखणारे वापरतात: जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा गोष्टी जितक्या जास्त आणि जितक्या प्रकारच्या, तितकी शोधाला वाव जास्त. पण आपल्याला त्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभं केलं, त्यात पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हीच शैक्षणिक साधनं होती. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, २०१४ मध्ये तो पालघर जिल्ह्यात गेला. महागड्या आयात साधनांची गरज नाही हे त्यांनी करून दाखवलं, आणि ते आजच्या फ्लॅटमध्येही तितकंच लागू पडतं. सोसायटीच्या आवारात गुलमोहराच्या लांब टणक शेंगा मिळतात, त्या खुळखुळा, तलवार, वल्हं काहीही होतात. जंगली बदामाची लाल झालेली पानं उन्हाळ्याच्या तोंडाशी पडतात. नारळाच्या करवंट्या स्वयंपाकघरातूनच येतात. येऊरला मात्र हात आवरा: तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून काहीही उचलून आणायचं नसतं. तिथे चित्रवही न्या.

ठोकळ्यांबद्दल थोडक्यात. लेगोचा क्लासिक प्रकारातला ४८४ तुकड्यांचा डबा महाग वाटतो, पण एखाद्या सिनेमातल्या गाडीच्या ठरलेल्या नमुन्यापेक्षा तोच घ्यावा. नमुन्याच्या डब्यात खास आकाराचे तुकडे जास्त असतात आणि त्यांचं दुसरं काही होत नाही. २ बाय ४ च्या एकाच रंगाच्या सहा साध्या विटा एकमेकींना ९१ कोटी ५१ लाखांहून जास्त प्रकारे जोडता येतात, त्यामुळे साध्या विटा जितक्या जास्त तितकं चांगलं. मेकॅनिक्स नावाने मिळणारे धातूच्या पट्ट्यांचे संच आठ वर्षांपुढच्या मुलांना छान. नट आवळताना जोर जास्त झाला की पट्टी वाकते, म्हणून आधी सगळे नट सैल लावायचे, चौकट सरळ बसली की मगच आवळायचे. सोबतच्या पुस्तिकेतलं एकच मॉडेल करू द्या, मग पुस्तिका उचलून ठेवा. अंकबरहुकूम रंगवायची चित्रं आणि खडे चिकटवायची चित्रं यांच्यावर या कामासाठी खर्च करू नये. त्यांत शांत बसणं होतं, निर्णय एकही नाही.

शनिवार-रविवारच्या चित्रकला वर्गांनाही हाच मापदंड लावा. भिंतीवर लावलेली मुलांची चित्रं बघा. सगळीकडे दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नदी, नारळाचं झाड एकाच जागी असेल, तर वर्गात चित्र एकच आहे, फक्त ते पंचवीस वेळा काढलंय. शिक्षक मुलाच्या कागदावर स्वतः रेघ ओढतात का, हे विचारायचं नाही, बघायचं. सातवी-आठवीच्या सुमारास एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेची तयारी सुरू होते. कला संचालनालयाच्या या परीक्षांत हाताचं कसब, भूमिती, अक्षरलेखन याला महत्त्व आहे आणि ते मिळवण्यासारखं आहे. पण त्यातलंही स्मरणचित्र पाठ करून काढलं जातं तेव्हा त्याचा मूळ हेतू हरवतो. पहिली-दुसरीच्या मुलाला त्या तयारीला बसवणाऱ्या वर्गाला आमचा स्पष्ट नकार आहे.

बक्षिसांबद्दल पालकांनी एक प्रयोग लक्षात ठेवावा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, मार्करने चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला ते न सांगता नंतर दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर आधी कबूल केलेल्या बक्षिसाच्या गटातली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक दिलेल्या कौतुकाने तसं नुकसान झालं नाही. तेव्हा स्पर्धा, मेडल, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे फोटो यांचं प्रमाण कमीच असू द्या. "वा, काय सुंदर!" याऐवजी दिसतं ते बोला: "इथे तू निळा दोनदा लावलास, कडेला पातळ ठेवलास." "हे काय आहे?" असं विचारू नका, ते मुलाला परीक्षेसारखं वाटतं. "याच्याबद्दल सांग ना" पुरतं.

वेळ सलग ४५ मिनिटं ते एक तास हवा. पहिली दहा-पंधरा मिनिटं मूल नुसतं चिवडत बसतं, "काय करू?" म्हणतं. ब्रिटिश अभ्यासक ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये कल्पना सुचण्याचे चार टप्पे मांडले, त्यात तयारीनंतर मुरण्याचा टप्पा येतो. तो रिकामा दिसतो, रिकामा नसतो. तिथेच आपण उठून कल्पना पुरवली की पुढचं सगळं आपलं होतं. वन बीएचकेतही जागा होते: जुना फ्लेक्स उलटा करून पसरला की दीड मीटरचं कामाचं मैदान तयार, आणि संपल्यावर चार कोपरे उचलून कचरा गोळा. अर्धवट वस्तू ठेवायला एक ट्रे राखून ठेवा. आज आवरायलाच हवं म्हणून मोडून टाकलेल्या गोष्टीवर उद्या काम होत नाही.

सुरक्षिततेत तडजोड नको. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती, टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाईल असं काहीही देऊ नये. छोटी ताकदवान लोहचुंबकं आणि बटण-सेल घरातल्या पेटीत नकोतच: दोन चुंबकं गिळली तर ती आतड्याच्या भिंती एकमेकींना चिकटवतात. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना सक्तीचं आहे. रस्त्यावरच्या बिनचिन्हाच्या रंगीत क्ले आणि स्लाइमच्या डब्या टाळा. थर्माकोलही नको, त्याचे दाणे घरभर उडतात आणि तापलेल्या तारेने कापताना निघणारा धूर घातक असतो.

खरेदी एका ठिकाणी होणार नाही. कागद, रंग, ब्रश यांसाठी नौपाड्यातली, गोखले रोड-राम मारुती रोडच्या बाजूची स्टेशनरीची दुकानं, नवी मुंबईत वाशीच्या सेक्टर ९ आणि १७ ची. मोठा कागद सुटा मिळतो का, ते आधी विचारा, काही ठिकाणी फक्त वह्याच असतात. सुतळी, चिमटे, पुठ्ठ्याचे खोके यांसाठी जांभळी नाक्याचा बाजार बरा पडतो, सकाळी जा. शाडूची गोणी गणपतीच्या दीड-दोन महिने आधी घ्या, तेव्हा माल ताजा असतो आणि निवड करता येते. चतुर्थीच्या आठवड्यात उरलासुरला, खडे असलेला मिळतो. घेताना चिमूटभर पूड दोन बोटांत चोळून बघा. रवाळ लागली तर दुसऱ्या दुकानात जा. घरी आणल्यावर गोणी जमिनीवर न ठेवता झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरा, नाहीतर जुलैतच ओल धरून तिचा धोंडा होतो.